चुंबळ आणि चाक

चाकाचा शोध लागून हजारो वर्षं झाली. आमच्या गल्लीतल्या बायकांपर्यंत तो अजून पोचलेला नाही, हे मला भर विहारात, माईक हातात असताना समजलं.

महिन्यातून एका रविवारी आमच्या विहारात प्रबोधनाचा कार्यक्रम असतो. आधी वंदना, मग भाषण, मग चहा. त्या महिन्यात भाषण माझ्याकडं होतं आणि विषय मीच निवडला होता: मानवाचा इतिहास बदलून टाकणारे शोध. मला पत्रक काढल्याशिवाय बोलता येत नाही. कॉलेजात असल्यापासूनची सवय. मोर्चा असो नाहीतर लग्नातल्या मानपानाला विरोध असो, आधी एक पान छापायचं आणि मग तोंड उघडायचं. दिंद्रुडच्या डीटीपीवाल्याकडं बसून मी एका पानात चाक, छापखाना, वाफेचं इंजिन, वीज आणि देवीची लस असं सगळं कोंबलं. डीटीपीवाला म्हणाला, "ताई, उद्गारचिन्हं जरा कमी करा. प्रत्येक ओळीला द्यायलात, वाचणाऱ्याला धाप लागंल." मी एकही कमी केलं नाही.

तर मी बोलत होते. "चाकानं अंतर जिंकलं! चाकानं शहरं वसवली! चाकानं माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं!"

"कुणाच्या?" मागून आवाज आला.

ही आमच्या शेजारची काकू. गल्लीतल्या पाण्याच्या टाकीवर तिचा शब्द चालतो, आणि जिथं चालत नाही तिथं ती आवाज वाढवते.

"माणसाच्या," मी म्हणाले.

"आन् आमी कोण हाव मंग? मी आत्ता खेपा टाकून आले. माझ्या टाळूला हात लावून बघ, अजून गरम हाय."

विहारात हशा पिकला. बायका हसल्या ते ठीक, पण पुरुष त्यांच्याहून मोठ्यानं हसले, आणि त्याचा मला लई राग आला. मी घाईनं छापखान्यावर उडी मारणार होते, तेवढ्यात शेवटच्या रांगेतल्या माझ्या आईवर नजर गेली. तिच्या मानेला पांढरा पट्टा होता. पट्ट्यामुळं तिला मान वळवता येत नव्हती, म्हणून ती कमरेपासून अख्खी वळून काकूकडं बघत हसत होती.

त्या पट्ट्याचं सांगते. माजलगावच्या डॉक्टरनं एक्सरे उजेडाला धरून स्पष्ट सांगितलं होतं, मानेचे मणके झिजलेत, डोक्यावर आता काहीही घ्यायचं नाही. घेतलं तर उजव्या हाताला येणाऱ्या मुंग्या वाढत जातील आणि एक दिवस हात वस्तू धरायचंच सोडून देईल. आणि माझी आई ब्लाऊज शिवते. निम्म्या गावाच्या अंगावरचे ब्लाऊज तिच्या हातचे. तो हात गेला तर आईचं काय उरलं? सुईत दोरा ओवताना तिची बोटं थरथरू लागली होती आणि ती म्हणायची, "उजेड कमी हाय." हे ती भर दुपारी, दारात बसून म्हणायची.

एवढं असून ती पाणी भरत होती. आमच्या दारात नळ आहे, तसा गल्लीत सगळ्यांच्या दारात आहे. नळयोजना झाली, फोटो निघाले, नळाला पाणी तेवढं आलं नाही. आम्ही त्याला शेळी बांधतो. पाणी येतं टँकरनं. विहाराजवळच्या काळ्या टाकीत टँकर रिकामा होतो आणि तिथून ते बायकांच्या डोक्यावरून घराघरांत जातं. मी घरी असले की मी भरते. पण माझी नोकरी माजलगावला. सकाळी जाते ती दिवेलागणीला येते, आणि टँकर कुणाच्या ड्युटीचा विचार करत नाही. वडील परळीला थर्मलवर कामाला, शनिवारी अंगावरची राख झटकत घरी येतात. राहिला दादा, माझा मोठा भाऊ. दादाकडं मोटारसायकल आहे आणि वेळही आहे. पण डोक्यावर घागर? "मी बाप्या माणूस हाय," असं तो म्हणायचा. जसं काही बाप्यांना मान दुसऱ्या कारखान्यातून बसवून आलेली असते.

कार्यक्रम संपवून घरी आले आणि खुंटीवरची आईची चुंबळ हातात घेऊन बघत बसले. जुनं लुगडं पिळून केलेली ती गोल गादी. आधी डोक्यावर ही, मग हिच्यावर घागर. इतक्या हजार वर्षांत मानवजातीनं बाईच्या डोक्यासाठी लावलेला हा एकमेव शोध! चाकही गोल, चुंबळही गोल. एक गोल बाप्याच्या बुडाखाली गेलं, दुसरं बाईच्या टाळूवर बसलं. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी लगेच नवीन पत्रकाला कागद घेतला. मग तो बाजूला ठेवला. म्हटलं, पत्रक नंतर. आधी गाडा.

दिंद्रुडला वेल्डिंगचं दुकान असलेले एक मामा आहेत, आईच्या माहेरच्या गावचे. त्यांच्याकडं गेले.

"भाजीचा गाडा करायचा का आईस्क्रीमचा?" मामांनी विचारलं.

"पाण्याचा. घागरी ठेवायच्या. दोन चाकं, मागं दांडा, ढकलायला हलका."

"ढकलणार कोण?"

"आई."

मामांनी डोळ्यावरचा काळा चष्मा वर केला. "बाया गाडा ढकलत न्हाईत, ताई."

"कावून?"

"बरं दिसत न्हाई."

"आणि डोक्यावर दोन न् कमरेवर एक, अशी तीन भांडी घेऊन चाललेलं बरं दिसतं?"

मामांनी खरंच विचार केला. "ते दिसतं बरं," ते म्हणाले.

मी त्यांना तिथंच उभ्या उभ्या अर्धा तास प्रबोधन दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, कारण तेवढ्या वेळात वीज गेलेली होती आणि त्यांना दुसरं काम नव्हतं. पण गाडा त्यांनी झकास केला. जुन्या मोटारसायकलीची दोन चाकं, वर लोखंडी चौकट, चौकटीत आठ कडी, म्हणजे एकेका कड्यात एकेक घागर घट्ट बसावी. रंग हिरवा. आणि मागच्या पट्टीवर त्यांनी मला न विचारता पिवळ्या अक्षरात 'आवाज द्या' असं रंगवलं. मी म्हटलं, हातानं ढकलायच्या गाड्याला हे कशाला? मामा म्हणाले, "आमी ट्रॉलीला बी हेच टाकतो."

गाडा गल्लीत आला त्या संध्याकाळी त्याच्याभोवती गर्दी झाली, पण बाई त्यात एकही नव्हती. सगळे पुरुष. एकानं चाकाला लाथ मारून बघितली. दुसऱ्यानं विचारलं, "कडबा किती बसंल बे याच्यात?" तिसरा म्हणाला, "डीजेचे दोन खोके आरामात." दादा आतून आला, गाड्याभोवती एक चक्कर मारली, दांडा उचलून बघितला आणि जाहीर केलं, "आई, तू बस आता. पाणी माझ्याकडं."

मी थक्क! जो माणूस घरात पाण्याचा तांब्या मागून घेतो, तो म्हणतो पाणी माझ्याकडं. मग माझ्या लक्षात आलं. आमच्याकडं पाणी डोक्यावर असलं की ते बाईचं काम, आणि चाकावर चढलं की बाप्याचं. शेतातून मोटारसायकलला कॅन लटकवून पाणी आणताना याच दादाला कधी लाज वाटलेली नाही. म्हणजे लाज पाण्यात नव्हतीच, ती चुंबळीत होती! पण काही का असेना, आईच्या मानेचं ओझं उतरत होतं. मी खूश झाले. पुढच्या टँकरच्या दिवशी मुद्दाम रजा काढली, मोबाईल चार्ज केला. इतिहास बदलताना त्याचं चित्रीकरण असावं म्हणून.

आता टाकीवरचा कायदा सांगते, कारण तो मला माहीत होता आणि तरी मी त्याचा विचार केला नाही. रांग बायकांची नसते, भांड्यांची असते. बाई आपलं एक भांडं रांगेत ठेवून घरी भाकरी थापायला जाऊ शकते, भांडं तिची जागा धरून उभं राहतं. एका नंबराला एक खेप. खेप म्हणजे बाई एका वेळी अंगावर नेऊ शकते तेवढं पाणी: डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, कमरेवर घागर. बास. दुसरी खेप हवी तर पुन्हा रांगेच्या शेवटी. हा कायदा कुणी लिहिलेला नाही, पण त्यावरून वर्षानुवर्षं भांडणं मिटलीत, कारण कुणाचीही मान दुसरीच्या मानेपेक्षा फार मोठी नाही. श्रीमंत असो, गरीब असो, खेप सारखीच.

त्या दिवशी टँकर रिकामा झाला. पहिल्या बाईची खेप गेली. दुसरा नंबर आमचा. आणि फटफट आवाज करत दादा आला. त्यानं गाडा दाव्यानं मोटारसायकलच्या मागं बांधला होता. आठ कड्यांत आठ घागरी, वर दांड्याला दोन कॅन.

"ए, हे काय?" काकू म्हणाली. "एका नंबराला एकच खेप."

"एकच तर हाय," दादा म्हणाला. "एक गाडा, एक खेप. मोजा."

त्याचं चुकत नव्हतं आणि त्यातच सगळं चुकत होतं. आठ घागरी आणि दोन कॅन भरेपर्यंत रांग उन्हात उभी. दादा भरून गेला. घरच्या पिंपात ओतलं आणि पुढच्या तीन बायका डोक्यावर भांडी चढवून घराकडं वळतायत तोवर हा परत रांगेच्या शेवटी हजर! त्याला मोटारसायकल, त्यांना पाय. मी आधी चित्रीकरण करत होते. मग काकूच्या तोंडाकडं बघितलं आणि मोबाईल पदराआड नेला. माझ्या अंगावर पंजाबी ड्रेस होता, म्हणजे ओढणीआड. दादाला मी खुणा केल्या, बास कर, बास कर. त्याला वाटलं मी शाबासकी देतेय. त्यानं हात हलवला आणि वेग वाढवला.

काकूची दुसरी खेप आली तेव्हा टाकीच्या नळानं एक लांब गुरगुर केली आणि हवा सोडली.

काकूची सून बाळंतीण होती. आठवडाभराचं पोर घरात. त्यांना आंघोळीला, बाळोत्यांना पाणी इतरांपेक्षा जास्त लागणार हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. काकू रिकामी घागर घेऊन आमच्या दारात आली. आमच्या दारात पिंप काठोकाठ भरलेलं, बादल्या भरलेल्या, आणि दादा उरलेल्या पाण्यानं मोटारसायकल धूत होता.

"लागला का गं शोध पुरा?" काकूनं मला विचारलं. "का अजून लागायचाय?"

उत्तर आईनं दिलं. ती दादाला म्हणाली, "दोन घागरी भर आन् काकूच्या घरी ठिवून ये."

दादा गाड्याकडं वळला.

"गाडा माझ्या दारात न्हाई पायजे," काकू म्हणाली.

मग माझ्या भावानं आयुष्यात पहिल्यांदा गल्लीतून खांद्यावर घागर नेली. तोंडाला रुमाल बांधून. ओळखू येऊ नये म्हणून बांधला होता, पण पाठीवर त्याच्या क्रिकेट टीमचा शर्ट होता आणि त्यावर त्याचं नाव छापलेलं होतं.

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर विहाराच्या पायरीवर बायका जमल्या. ठराव झाला: टाकीवर चाक येणार नाही. मी उठून बोलायला लागले. म्हटलं, चूक गाड्याची नाही, वापरणाऱ्याची आहे! जगात प्रत्येक नव्या शोधाला लोकांनी आधी विरोधच केला! छापखान्यालासुद्धा!

"तुझं भाषण रविवारी," काकू म्हणाली. "आज सोमवार हाय. बस खाली."

हात वर करायला सांगितले. सगळे हात वर गेले. त्यात माझ्या आईचाही होता. डावा वर केला होता, कारण उजवा वर जात नव्हता.

घरी येताना मी तिच्यावर ओरडलेच. "मान तुझी आहे ना? मग तू कशी त्यांच्या बाजूनं?"

"मान माझी हाय," आई म्हणाली, "आन् गल्ली बी माझीच हाय. तिच्या सुनंला पानी न्हाई आन् तुझा भाऊ गाडी धुतो. मी त्या बायांच्या गळ्याला टेप लावते रोज. कोणत्या तोंडानं लावू?"

पुढचे दिवस गाड्याची चैन झाली. ज्यांच्यासाठी केला त्यांना बंदी, म्हणून तो पुरुषांना मोकळा. कडबा वाहिला. डीजेचे खोके खरंच आरामात बसले. एका चुलत्याला संध्याकाळी देशीच्या दुकानापासून घरापर्यंत त्यावरच आणलं. आठ कड्यांच्या मधोमध तो असा बसवला होता की पडायची सोयच नव्हती. लोक म्हणाले, ताईनं केलेली वस्तू लई उपयोगाची हाय. मी दात ओठ खात होते. माणसाचा इतिहास बघा, सगळीकडं हेच! शोध लावायचा बाईच्या मानेसाठी आणि त्यावर बसून जायचं बाप्यानं, तेही पिऊन!

पुढचा टँकर आला त्या सकाळी आईनं मानेचा पट्टा काढून शिलाई मशिनवर ठेवला आणि खुंटीवरची चुंबळ घेतली. मी बस पकडायला निघाले होते. पिशवी टाकून मागं धावले.

"मी भरते. तू घरी जा."

"आज भरशील. परवा?"

"परवा पण भरीन."

"नोकरी सोडून?" आई थांबली नाही. "सोडू नको. त्या नोकरीसाठी मी लई ब्लाऊज शिवले."

टाकीवर तिचा नंबर लवकर आला. काकू तिच्या लगेच मागं होती. सगळ्यांना पट्टा नाही हे दिसत होतं आणि सगळ्या आपापली भांडी सरळ करत होत्या. मी मध्ये घुसून हंडा धरला तर आईनं माझा हात झटकला. तिनं वाकून चुंबळ ठेवली. हंडा उचलला, चढवला. मान ताठ. मग डावा हात हंड्याला लावून उजव्या हातानं कळशी उचलली. खांद्यापर्यंत गेली आणि तिथंच बोटांनी सोडून दिली. ठरवून सोडावी तशी. ती भरलेली कळशी सरळ काकूच्या अंगावर! डोक्यापासून पायापर्यंत काकू भिजली.

मी आईच्या डोक्यावरचा हंडा उतरवून खाली ठेवला, चुंबळ तिच्या हातात राहिली. मग काकूचा आवाज चढला.

"पट्टा कुठंय तुझा?"

"घरी."

"मानंला लावायचा असतो का घराला?"

"मंग पानी कोण आणंल? तू आणून देतीस?"

"देते की!" काकू बोलून गेली. मग स्वतःच थांबली. "मी कावून देऊ? माझंच मला सरंना. एवढा गाडा केलाय ना पोरीनं!"

"गाड्याला बंदी हाय."

"कुणी घातली?"

"तूच घातली. मी बी हात वर केलता."

"मंग मीच उठवते," काकू म्हणाली आणि पदर पिळायला लागली. पिळता पिळता बोलत होती. "पण आधी ऐका. गाडा वाईट न्हाई. खेप वाईट हाय. खेप धरली तर ज्याच्याकडं गाडा त्याचं तळं. आजपासून खेप बंद. घागर मोजायची. एका नंबराला तीन घागरी. मग डोक्यावरून न्या, न्हाईतर इमानातून न्या."

मला हे सुचायला हवं होतं. मी अर्थशास्त्राची पदवीधर! पण मला राग करत बसायला वेळ मिळाला नाही, कारण तिथंच लोकशाही सुरू झाली. कुणाची घागर? एकीकडं सासूकडून आलेला तांब्याचा हंडा होता, त्यात दोन पोरं आंघोळ करतील एवढा. ती म्हणाली, ही माझी घागर. सगळ्या तुटून पडल्या. मग ठरलं, प्लास्टिकची बाजारातली घागर तेवढीच धरायची. बाळंतिणीच्या घराला एक जास्त. ती कधीपर्यंत? पोराची पाचवी झालीय, आता जावळापर्यंत? नको, सव्वा महिना. एकीनं विचारलं, "माझ्याकडं म्हातारं अंथरुणात हाय, त्याला न्हाई का?" त्यालाही एक दिली. मी म्हणाले, थांबा, मी हे नियम एका पानावर छापून आणते.

"छापू नको," काकू म्हणाली. "छापलं की वाचणाऱ्याला दुसरा अर्थ लागतो. तोंडी ऱ्हाऊ दे, विसरणाऱ्याला मी हाय."

शेवटचा नियम दादाबद्दल होता. तो मोटारसायकल घेऊन आलाच होता, दावं हातात घेऊन. काकूनं त्याला सांगितलं, "गाडा एका टायमाला तीन घरांचं पानी नेईल. ढकलणार बाया. बाप्यानं हात लावायचा न्हाई."

"कावून?" दादा पेटला. "माझ्या घरचा गाडा हाय."

"तुला पानी भरायचंय?"

"हाव."

"लई चांगलं हाय. ही घे." तिनं आईच्या हातातली चुंबळ त्याच्या हातात दिली. "नंबर लाव. डोक्यावर घे. तुला कोण नगं म्हनतं?"

दादानं चुंबळीकडं असं बघितलं जसं काही ती चावते. मग त्याला शेतात काहीतरी काम आठवलं.

आता इथं मला लिहायला आवडलं असतं की गाडा वाऱ्यासारखा धावला. तसं झालं नाही. तीन घरांच्या तीन-तीन घागरी चढवल्या, बाळंतिणीची जास्तीची पुढच्या फेरीला ठेवली. आठच कडी, म्हणून नववी घागर मधल्या फटीत कोंबली. मी आणि काकू दांड्याला. आई बाजूनं चालत, घागरींवर लक्ष ठेवत. टाकी गल्लीच्या चढावर आहे, आमची घरं उतारावर. मामांनी गाड्याला रंग दिला होता, पिवळी अक्षरं दिली होती, फक्त थांबायची काही सोय दिली नव्हती. आणि मीही मागितली नव्हती. एवढं ओझं भरल्यावर उतारावर तो आम्हाला ओढायला लागला. काकू ओरडली, "अगं धर!" मी म्हटलं, "धरलाय!" पण आम्ही गाडा धरला नव्हता, गाड्यानं आम्हाला धरलं होतं. पुढं कोंबड्या पळाल्या, शेळीनं नळ उपटायचा प्रयत्न केला आणि डावं चाक नालीत जाऊन गाडा थांबला. काकू दांड्यावर पोटानं लटकली होती. आठ घागरी कड्यांत जागच्या जागी. नववी उडाली आणि घरंगळत गेली, अर्धी सांडून.

बायका मागून धावत आल्या. कुणी हसत, कुणी काकूला सोडवत. एकीनं चाकामागं दगड लावला. तेवढ्यात आई पुढं गेली. आयुष्यभराची सवय. तिनं ती घरंगळलेली अर्धी घागर उचलली आणि एका झटक्यात डोक्याकडं नेली.

"ठिव खाली!"

एकटी काकू नाही, अख्खी गल्ली ओरडली. मागच्या खेपेच्या बायका, दारातल्या म्हाताऱ्या, नालीत पाय घालून चाक उचलणाऱ्या दोघी. बाळंतीणसुद्धा खिडकीतून ओरडली.

आईनं घागर खाली ठेवली.

"घरी जा," काकू दांड्यावरूनच म्हणाली. "पट्टा लाव. पानी येतंय मागून."

आई निघाली. आणि तिची पंचाईत झाली. टाकीवरून मोकळ्या हातानं घरी जायचं कसं असतं ते तिला माहीतच नव्हतं. तिनं हात आधी पदरात घेतले. सोडले. मग कमरेवर एक ठेवला, जिथं घागर असते तिथं, आणि तो तिथून घसरायला लागला. मग पाठीमागं बांधले, शाळेतल्या मास्तरांसारखे. ते तिलाच पटलं नाही.

"मंत्र्यावानी हालव की!" मागून कुणीतरी म्हणालं आणि बायका खिदळल्या.

समोर गल्लीतल्या कट्ट्यावर नेहमीचे पुरुष बसले होते. आई त्यांच्या समोरून गेली आणि जाता जाता तिनं खरंच डावा हात वर करून हलवला, हळूच, पण हलवला. त्यातला एकजण बोलता बोलता गडबडून उभाच राहिला.